माणशी किती?

मे महिन्यात एका रात्री पावणेअकराला लेकाचा फोन आला. एवढ्या उशिरा त्याचा फोन म्हटल्यावर पोटात धस्स झालं. उचलला तर मागे तिघांचे चढे आवाज, आणि हा विचारतोय, "आई, स्वस्तातली शंभर युनिटं कोणाची धरायची?"

तो इथेच पुण्यात, वाकडला राहतो, दोन मित्रांबरोबर, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. एप्रिलच्या वापराचं विजेचं बिल आलं होतं. ४१० युनिटं, साडेपाच हजार रुपये. तिघांपैकी एकाच्या खोलीत एसी आहे. एसीचे पैसे वेगळे द्यायला त्याची ना नव्हती, भांडण दरावरून होतं. महावितरणच्या घरगुती बिलात पहिली शंभर युनिटं सगळ्यात स्वस्त, १०१ ते ३०० या टप्प्यातलं युनिट जवळपास दुपटीने महाग, तीनशेच्या पुढे त्याहून जास्त. एसीवाल्याचं म्हणणं, एकूण बिलाला ४१० ने भागा आणि येईल त्या सरासरी दराने माझी युनिटं मोजा. माझ्या लेकाचं म्हणणं, तुझा एसी नसता तर आपण २२० वर थांबलो असतो, वरची महाग युनिटं सगळी तुझी. त्यावर त्या मुलाने जे विचारलं ते मला फोनवरही स्वच्छ ऐकू आलं. "मीटर एकच आहे ना? मग स्वस्त युनिटं तुमची आणि महाग माझी, हे कोणी ठरवलं?"

एका महाविद्यालयाच्या लेखा विभागात मी तीस वर्षं काढली आहेत. पगारपत्रकं, अनुदानं, शिष्यवृत्त्या, सगळं निस्तरलं. या प्रश्नाला मात्र माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. कागद घेऊन बसले. दोन्ही पद्धतींत फरक निघाला साडेतीनशे रुपयांचा. शेवटी एसीवाल्याने सदतीसशे आणि बाकी दोघांनी नऊ-नऊशे द्यायचे ठरले. मुलं लगेच शांत झाली, मागे कोणीतरी मॅगीचं पातेलं वाजवलं, फोन बंद झाला. मी मात्र तो कागद समोर घेऊन बराच वेळ बसून राहिले.

माणशी हा शब्द आपण किती सहज वापरतो. सहलीला माणशी किती, केळवणाला माणशी किती पोळ्या धरायच्या. तांदूळ धुताना अजूनही मी माणशी एक मूठ घेते आणि वर एक मूठ घराची. तांदळाला हे जमतं, कारण तांदूळ खरंच माणसागणिक वाढतो. आच वाढत नाही. दोघांचा कुकर आणि पाच जणांचा कुकर जवळपास तितक्याच शिट्ट्यांत होतो. खोलीत एक माणूस बसला काय नि चार बसले काय, पंखा तेवढीच वीज घेतो. फ्रिज तर घर रिकामं असलं तरी रात्रभर घुमत राहतो. इंधन जाळतं ते घर. आपण नंतर त्याला माणसांनी भागतो.

हे मला शिकवलं होतं एका बंबाने, तेही चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी. फक्त तेव्हा कळलं नव्हतं.

नारायण पेठेतल्या वाड्यात आम्ही नऊ जण राहायचो. मोरीच्या तोंडाशी तांब्याचा बंब. मधोमध नळकांडं, खाली जाळी, जाळीखाली राख पडायला जागा. आजी पहाटे साडेपाचला तो पेटवायची. तळाला नारळाच्या शेंड्या, वर करवंट्या, त्यावर वखारीतून आणलेल्या लाकडाच्या ढलप्या. चिंध्यांची वात रॉकेलात बुडवून आत सोडली की नळकांड्यातून भस्सकन आवाज यायचा, आणि त्या आवाजाने आम्ही मुलं जागी व्हायचो. पहिली आंघोळ आजोबांची, मग काका आणि बाबा, मग शाळेचे, शेवटी बायका. क्रम कोणी मोडायचा नाही, कारण बंब एकदाच पेटायचा. आणि नियम एकच होता. जेवढं गरम काढाल तेवढं गार वरून ओता. बंबाच्या डोक्यावरच्या नरसाळ्यात बादलीभर गार पाणी ओतल्याशिवाय तोटी सोडायची नाही. आपण नाहून बाहेर पडेपर्यंत पुढच्याचं पाणी तापायला लागलेलं असायचं. नवव्या माणसाची आंघोळ जवळपास फुकट व्हायची, निखाऱ्यांवर. आई नेहमी शेवटची असायची. तिच्या वाट्याला धुराचा वास असलेलं कोमट पाणी यायचं, हेही खरं आहे, आणि नऊ जणांत भागणाऱ्या हिशोबात ते कुठेच लिहिलेलं नसायचं.

लेकाच्या फ्लॅटला तीन न्हाणीघरं आहेत आणि तीन गिझर. पंधरा लिटर पाणी पंचवीस अंशांवरून साठवर न्यायला साधारण सहा दशांश युनिट वीज लागते. त्यात वावगं काही नाही. पण तिघं तीन वेळी उठतात, तिन्ही बटणं चालू राहतात, तीन टाक्या आपापल्या जागी तापून गार होतात. पुढच्यासाठी गार पाणी ओतून ठेवायची गरजच कोणाला नाही.

सहकारनगरच्या ज्या घरात मी लग्न होऊन आले, तिथे सात माणसं होती. सासू-सासरे, दीर-जाऊ, आम्ही दोघं आणि आमचा मुलगा. सासूबाईंची एक सवय होती. नवा सिलिंडर लावला की कालनिर्णयाच्या त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलने लिहायच्या, "गॅस लावला". ही सवय पुष्कळ घरांत असते. सासूबाईंचं वेगळेपण पुढच्या ओळीत होतं. "ताई व मुले ८ दिवस." "श्राद्ध, १४ पाने." "हे व धाकटा सोलापूर, ५ दिवस नाहीत." त्या गेल्यावर माळ्यावरच्या ट्रंकेत अशी अकरा वर्षांची पानं सुतळीने बांधलेली सापडली. दुधाचे खाडे, पेपरवाल्याची बाकी आणि गॅस.

त्या पानांवरून मी परवा हिशोब केला. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. सात माणसांत तो सरासरी चोवीस दिवस पुरायचा. म्हणजे माणशी, दिवसाला सुमारे ८५ ग्रॅम. नंतर दीर-जाऊ हडपसरला गेले, सासरे गेले, सासूबाई गेल्या. आम्ही तिघं उरलो, तेव्हा सिलिंडर बेचाळीस दिवस जायचा. माणशी ११३ ग्रॅम. आता दोघंच. अठ्ठावन्न दिवस जातो, माणशी १२२ ग्रॅम. सिलिंडर दुपटीहून जास्त दिवस पुरतो म्हणून मी स्वतःला काटकसरी समजत होते, आणि गॅस मात्र माणशी दीडपटीच्या जवळ गेला होता. पदार्थ तर कमीच झालेत. पूर्वीसारखं पुरणावरणाचं महिन्यातून दोनदा होत नाही, तळण तर जवळपास बंदच झालंय.

ट्रंकेतली २०१२ ची पानं मी परत परत बघितली. त्या सप्टेंबरात सरकारने ठरवलं, वर्षाला अनुदानाचे सिलिंडर सहाच, पुढचे बाजारभावाने. आमच्या घराला पंधरा लागायचे. सासूबाईंचा राग मला अजून आठवतो. आवाज न चढवता त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "समोरच्या एकट्या काकूंनाही सहा आणि आपल्या सात जणांनाही सहाच. हे कनेक्शन मोजतात, तोंडं मोजत नाहीत." जानेवारी २०१३ मध्ये सहाचे नऊ झाले, जानेवारी २०१४ मध्ये बारा. पण ते दीड वर्ष आमच्याकडे डाळी रात्रीच भिजत पडायच्या, कुकरात भात, वरण, बटाटे तिन्ही एका वेळी लागायचे, आणि कणकेचा शेवटचा गोळा संपायच्या आत जाऊ गॅसचा खटका बंद करायची. शेवटची पोळी तापल्या तव्यावर भाजून निघायची. अजूनही माझा हात आपोआप तसाच जातो.

एकत्र कुटुंब सगळ्यांना गोड लागत नाही, मलाही नेहमी लागलं नाही. सात माणसांत मला माझा असा कोपरा नव्हता, रात्री वाचायला दिवा लावला तर कोणाची तरी झोप मोडायची. वेगळं राहण्यात सुख आहे आणि ते मी मनापासून भोगते आहे. मला एवढंच दिसतंय, की त्या सुखाची किंमत दर महिन्याला बिलात येते आणि आपण तिला वीजदरवाढ म्हणतो. दरवाढ होतेच, ती खोटी नाही. पण त्याच बिलात घरं लहान होण्याचाही वाटा आहे. तो वेगळ्या रकान्यात छापलेला नसतो. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन, वर सोळा टक्के वीज शुल्क, सगळं छापलेलं असतं. स्थिर आकार तर घरात एक माणूस असो की सात, तेवढाच.

आता पेट्रोल. लेक घर सोडून गेला तो पेट्रोलपायीच.

नोकरी हिंजवडीला. सहकारनगरहून एका बाजूने बावीस-तेवीस किलोमीटर. स्वारगेट, डेक्कन, विद्यापीठ चौक, औंध, वाकड, आणि मग त्या पुलाखालची ती रांग. स्कूटर चांगली होती, लिटरला पंचेचाळीस द्यायची, तरी महिन्याला बावीस लिटर आणि लिटरमागे एकशेचार रुपये, म्हणजे तेवीसशेच्या घरात. पैशांचं त्याला फारसं काही वाटत नव्हतं. संध्याकाळी साडेआठला घरी यायचा तेव्हा त्याच्या रुमालावर काळा पट्टा असायचा आणि जेवताना तो बोलायचा नाही. जून २०२४ मध्ये त्याने सांगितलं, "आई, मी वाकडला जातो. दिवसाचे तीन तास वाचतील." मी नाही म्हणाले नाही. नवरा रात्री उशिरापर्यंत गॅलरीत उभा होता.

तो गेल्यावर मी हिशोब मांडला, कारण मला मनातून वाटत होतं की निदान घरखर्च तरी उतरेल. आधी तिघांचं विजेचं बिल एकवीसशे, गॅस महिन्याला सहाशे दहा, पेट्रोल सहा हजार तीनशे. गॅस मी २०२५ च्या साडेआठशेच्या सिलिंडरने धरलाय, म्हणजे दोन्हीकडे सारखाच दर. एकूण नऊ हजार दहा. माणशी तीन हजार. आता दोघांचं वीज दीड हजार, गॅस चारशे चाळीस, पेट्रोल चार हजार. एकूण पाच हजार नऊशे चाळीस. माणशी दोन हजार नऊशे सत्तर. तीन वेळा बेरीज तपासली. घरातला एक माणूस गेला, त्याची स्कूटर गेली, रोजचे पंचेचाळीस किलोमीटर गेले, आणि माणशी आकडा हलला तीस रुपयांनी.

त्याच्याकडे बघितलं तर पेट्रोल तेवीसशेवरून पाचशेवर आलंय, ही बचत खरीच. पण आमचं विजेचं बिल सहाशेने उतरलं आणि त्याच्या वाट्याला तिकडे नऊशे येतं. एका फ्रिजचे दोन झाले. वॉशिंग मशीन दोन, इंटरनेटचे डबे दोन. घरभाड्याचं तर मी बोलतच नाही. त्याच्याकडे पाइपचा गॅस आहे, दोन महिन्यांनी बिल येतं, घनमीटरमध्ये. मी विचारलं किती जातो, तर त्याला माहीत नव्हतं. पाइपच्या गॅसला संपण्याचा क्षणच नाही. पोळी तव्यावर असताना निळी ज्योत पिवळी होऊन फुसकन विझते, मग धावाधाव, मग कालनिर्णयावर नजर, यातलं काही त्याला करावं लागत नाही. सोय आहे, आणि त्या सोयीत मोजणं गेलं.

पेट्रोलचंही तसंच झालंय. सातारा रस्त्यावरच्या पंपावर मी गेली कित्येक वर्षं एकच वाक्य बोलते, "दोनशेचं टाका." तो मुलगा म्हणतो, "मॅडम, झिरो बघा." मी झिरो बघते, आकडे धावताना बघते, दोनशेवर थांबले की निघते. लिटर कधीच बघत नाही. माझ्या पुढेमागे उभे असलेलेही शंभरचं, दीडशेचंच सांगतात. १६ जून २०१७ पासून देशभर भाव रोज बदलायला लागले, पण रुपयांत मागणाऱ्याला भाव कळतो तो काटा लवकर खाली आल्यावर. २०२१ च्या मध्यात पुण्यात लिटर शंभराच्या वर गेलं आणि 'शंभरचं टाका' म्हणजे लिटरभरही राहिलं नाही. पुढे मे २०२२ मध्ये केंद्राने उत्पादन शुल्क आठ रुपयांनी उतरवलं, जुलैत राज्याने व्हॅट पाच रुपयांनी, तरी भाव शंभराच्या खाली आला नाही. माझे वडील असते तर त्यांनी नक्की बघितलं असतं. त्यांची टू-स्ट्रोक स्कूटर होती. पेट्रोलबरोबर ऑइल मोजून घ्यावं लागायचं, पंपावरचा माणूस मापातून ते ओतायचा आणि बाबा वाकून शेवटचा थेंब पडेपर्यंत बघत राहायचे. डिकीत छोटी वही होती, तीत किलोमीटरचा आकडा आणि लिटर. गाडी बंद पडली की ती कलती करायची, टाकीतला उरलासुरला घोट कार्बोरेटरकडे उतरवायचा आणि घर गाठायचं. त्या स्कूटरवर आम्ही चौघं बसायचो, भाऊ पुढे उभा, मी मधे, आई मागे आडवी. धोक्याचं होतं, आज मी कोणाला तसं बसू देणार नाही. पण लिटरभर पेट्रोलमध्ये चार माणसं पन्नास किलोमीटर जायची. नवऱ्याच्या गाडीत आज एक माणूस पंधरा किलोमीटर जातो.

देशपातळीवर हे सगळं कसं मांडतात, हेही मी वाचलं. सांख्यिकी मंत्रालयाची घरगुती उपभोग खर्चाची पाहणी असते. ऑगस्ट २०२३ ते जुलै २०२४ च्या पाहणीत शहरी भारतात माणशी महिन्याचा खर्च ६,९९६ रुपये निघाला. त्यात इंधन आणि दिवाबत्ती ५.५८ टक्के, म्हणजे साधारण तीनशे नव्वद रुपये. पेट्रोल त्यात नाही. ते प्रवासखर्चात, बस, रिक्षा, रेल्वेच्या तिकिटांच्या जोडीला बसतं. त्याचा वाटा ८.४६ टक्के, साधारण पाचशे नव्वद. दोन्ही मिळून हजाराच्या जरासं आत. आमच्या घराचं फक्त पेट्रोल, वीज आणि गॅस माणशी तीन हजारांच्या घरात. हे वाचलं त्या संध्याकाळी मी हॉलमधला एक दिवा बंद केला, आणि मग लक्षात आलं की तो नऊ वॉटचा एलईडी आहे. बंद करायची गोष्ट खाली पार्किंगमध्ये उभी होती.

सरासरीत सगळे असतात. मी असते, माझ्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशीही असतात.

मावशी पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत राहतात. दोन खोल्या, सहा माणसं, एक मीटर, एक सिलिंडर. एकदा मी त्यांना विचारलं, "मावशी, तुमच्याकडे गॅस किती दिवस जातो हो?" त्या लाटता लाटता म्हणाल्या, "टाकी म्हैनाभर पुरवायचीच ताई. न्हाणीचं पाणी चुलीवर, मागल्या अंगाला. फर्निचरवाल्याकडनं फळ्यांचे तुकडे आणतो." मी मनात भागाकार केला, माणशी ७९ ग्रॅम. वीज महिन्याला एकशेतीस युनिटांच्या आसपास, माणशी बावीसही नाही. आमची माणशी पंचाहत्तर. आणि त्यांची शंभरावरची तीस युनिटं दुपटीच्या दराने लागतात, कारण टप्पा मीटरचा असतो. मीटरमागे माणसं किती, हे विचारायची सोय त्यात नाही. वाकडच्या मुलांचं भांडण साडेतीनशे रुपयांत मिटलं. हेच भांडण इथे कोणी कोणाशी मांडायचं?

१ जून २०२५ पासून पीएमपीच्या बसचं पहिल्या टप्प्याचं तिकीट पाचाचं दहा झालं. तेव्हापासून मावशी दुसऱ्या कामावर चालत जातात.

त्यांचा धाकटा मुलगा मोटरसायकलवर घरपोच डबे आणि पाकिटं पोचवतो. रोज अडीचशे-तीनशेचं पेट्रोल. महिन्याला आमच्या दोन्ही गाड्यांहून जास्त. पण ते त्यांच्या घरचा उपभोग म्हणून धरलं जात नाही, तो त्याच्या धंद्याचा खर्च. आणि ज्याने पाकीट मागवलं, त्याच्या इंधनखर्चातही ते येत नाही, ते त्याच्या जेवणाच्या बिलात विरघळतं. लेकाच्या फ्लॅटवर आठवड्यातून चार रात्री असं पाकीट येतं. त्याचं पेट्रोल पाचशेवर आलंय म्हणून मी खूश झाले होते. आता ते पाचशे मला पुरते पाचशे वाटत नाहीत.

या सगळ्या हिशोबात सगळ्यात वरचा आकडा कोणाचा निघाला, ते लिहिताना मला त्रास होतो. माझ्या आईचा.

वाडा पाडून इमारत झाली, तिथेच दुसऱ्या मजल्यावर आई एकटी राहते. एकोणऐंशी वर्षांची आहे. तिच्यासारखी जपून वापरणारी बाई मी पाहिलेली नाही. टीव्ही बघताना दिवा लावत नाही. फ्रिजमधून एकदाच काय ते सगळं काढून घेते, दार दुसऱ्यांदा उघडत नाही. चहाला कपानेच पाणी मोजते, पातेलीवर झाकण ठेवते, झाकणाच्या कडेने पहिली वाफ आली की गॅस बंद करते आणि पावडर घालून तसंच मुरू देते. एवढं करून तिचा सिलिंडर पंचाऐंशी दिवस जातो. १४,२०० भागिले ८५. दिवसाला १६७ ग्रॅम. नारायण पेठेत नवव्या नंबरला निखाऱ्यावरच्या पाण्याने नाहणाऱ्या बाईच्या नावावर आज घराण्यातला सगळ्यात मोठा माणशी आकडा आहे. एकटीचा वरण-भात व्हायला कुकर तेवढाच तापावा लागतो. तिची चूक काही नाही. भागायला दुसरं माणूस नाही.

मी तिला हा आकडा सांगितला नाही. फक्त दिवाळीला चल म्हटलं, भाऊबीजेपर्यंत राहा म्हटलं. नेहमीप्रमाणे आधी नाही म्हणाली, मग दहा दिवस राहिली. लेकही आला, सहा दिवस. पहिल्या अंघोळीला आईने गिझरचं पाणी बादलीत काढून ठेवून ओळीने सगळ्यांना उठवलं, आणि एक गिझर एकदाच लावला. भाऊबीजेला हडपसरहून दीर-जाऊ, त्यांचा मुलगा, माझा भाऊ-वहिनी, एकूण नऊ पानं झाली. किती वर्षांनी मोठा कुकर खाली काढला. चकल्या घरी केल्या. मावशी थांबल्या, त्यांनी सोऱ्या फिरवला आणि आईने तळल्या.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे परतताना गॅस संपला. शुक्रवार, २४ ऑक्टोबर. लावला होता १४ सप्टेंबरला. नवऱ्याने भरलेला सिलिंडर सरकवत आणला, टोपी काढली, मी रेग्युलेटर बसवला, आईने नेहमीसारखं नाक जवळ नेऊन वास घेतला आणि मान हलवली. पोहे पुन्हा आचेवर गेले.

"किती दिवस गेला?" तिने विचारलं.

"चाळीस. एरवी अठ्ठावन्न जातो."

मी कालनिर्णयाच्या चौकोनात पेन्सिलने लिहिलं. गॅस लावला. खाली बारीक अक्षरांत, आई १० दिवस, लेक ६ दिवस, भाऊबीज ९ पाने. आईने चष्मा लावला, भिंतीजवळ जाऊन ते सावकाश वाचलं.

"आणि त्या मावशी गं?" ती म्हणाली. "त्यांचा सकाळचा चहा रोज इथेच होतो की. त्यांचंही लिही."

चौकोनात जागा उरली नव्हती. शेजारच्या शनिवारच्या चौकोनात लिहिलं.